वीस गॅलन

ओमाहाला समुद्र नाही.
कुठल्याही दिशेला गाडी हाका,
दिवसभर मका, दुसऱ्या दिवशीही मकाच.
आणि आमच्या हॉलमध्ये, बुटांच्या कपाटाशेजारी,
वीस गॅलन समुद्र आहे.

निहारनं हट्टानं मागितला, आठव्या वाढदिवसाला.
तीन आठवड्यांत हट्ट संपला,
मासे उरले.
दोन नारिंगी-पांढरे, एक लाल पट्ट्याची कोळंबी.
"ही खायची नाही, आजी,"
मी विमानतळावरून आले त्याच संध्याकाळी त्यानं बजावलं.

काचेवर तपकिरी साय धरली होती.
मी चष्मा लावून वाकले.

बत्तीस वर्षं मी सांगलीला
पाण्याच्या प्रयोगशाळेत होते.
सकाळी सातला नदी बाटलीत भरून टेबलावर यायची,
श्रावणात चहासारखी.
गढूळपणा, क्लोरीन, सही.
मग शहर आंघोळ करायचं, वरण लावायचं,
आणि माझं नाव कुणालाच ठाऊक नसायचं.
पाणी चांगलं असलं की त्याची बातमी होत नाही.

"आई, तू आता आराम कर," निषाद म्हणतो.
आराम किती, ते मोजायची नळी
मला अजून कुणी दिलेली नाही.

म्हणून मी ही घेतली.
पाच मिली पाणी, आठ थेंब,
बूच लावून हलवायचं, तेवढा वेळ कुणाशी बोलायचं नाही.
अमोनिया पिवळा, म्हणजे शून्य.
नायट्राइट आकाशी, म्हणजे शून्य.
नायट्रेट
केशरी, पार लालाकडे झुकलेला.

"माशांना कोण जेवू घालतं?"
"मी, सकाळी," मेगन म्हणाली.
"मी, झोपताना," निषाद.
"मी शाळेतून आल्यावर. आणि कोळंबीला वेगळं."
तिघांची माया
वाळूत तळाशी कुजत होती.

मी खाण्याचा डबा माझ्या खोलीत नेऊन ठेवला.

आता दर रविवारी दोन गॅलन काढते,
दोन घालते.
नळाचं नाही. क्षार काढलेलं, मग मीठ मोजून मिसळलेलं,
रात्रभर बादलीत फिरत ठेवलेलं,
माशांच्या अंगाइतकं कोमट.
मेगन म्हणते, तुम्ही बाळाची आंघोळ काढल्यासारखं करता.
तिला आमची भाषा येत नाही,
पण बादलीत कोपर बुडवून बघायला ती शिकली.

जानेवारीत उणे बावीस.
घरभर हीटर, हवा पापडासारखी कोरडी,
टाकीतलं पाणी दोन बोटं खाली.
निषादनं परस्पर मिठाचं पाणी ओतलं.
खारं कमी झालं, म्हणून खारं.
मी थेंबभर काचेवर घेऊन उजेडाकडे धरलं.
पस्तीस हवं. रेषा एक्केचाळीसवर.

"अरे, पाणी उडून जातं.
मीठ कुठे जातं?
ते मागेच राहतं, उरलेल्यांच्या वाट्याला.
त्यात गोडं पाणी घालायचं असतं.
रोज, वाटीभर."

तो कामावरून आलेला, अंगात कोट तसाच,
बुटांवरचा बर्फ फरशीवर वितळत होता.
बराच वेळ टाकीकडे बघत राहिला.
त्याचे बाबा जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.
आम्ही दोघं माशांबद्दल बोलत होतो, एवढंच.
मग त्यानं वाटी घेतली.

एप्रिलच्या नऊ तारखेचं माझं तिकीट आहे.
फ्रिजवर तक्ता लावलाय: तारीख, मीठ, नायट्रेट, शेरा.
शेऱ्याच्या रकान्यात निहार कोळंबीची चित्रं काढतो.
काल रात्री पाणी प्यायला उठला,
मी नळी पांढऱ्या कागदापुढे धरून उभी.
"आजी, हा पिवळा की केशरी?"
"तुला काय दिसतं?"
त्यानं एक डोळा मिटला. मग दुसरा.
"मधलं."
"मग मधलं लिही."

पेन्सिल शोधायला तो अंधारात गेला,
अनवाणी, ओल्या फरशीवरून.