एक हात, चार बोटे

रिक्षावाला विचारतो, "क्यां जवुं छे, बेन?"
मी म्हणते, आगड.
तो मान हलवतो, मीटर पाडतो.
आगड दोघांपैकी कुणीच पाहिलेला नाही.

पाणीगेट ओलांडल्यावर टायरच्या दुकानापाशी
तो जरासा डावीकडे घेतो, मग पुन्हा उजवीकडे.
रस्ता तर सरळ आहे.
इथे भिंत होती, तिला वळसा घालावा लागे.
भिंत गेली, वळसा चालू आहे.

पणजोबा, बळवंतराव कारखानीस,
त्या भिंतीच्या आत कधी उतरले नाहीत.
ते चोपडी लिहीत, मोडीत, बोरूने:
दिलदार हत्ती, रोट अठरा शेर, गूळ, तूप.
मस्तीवर आणण्याचा मसाला, खर्च वेगळा.
साठमार दहा. पागोटी लाल, नग दहा.

आणि एका पानाच्या तळाशी,
कुणी विचारलेलं नसताना:
'खिडक्या जातीने मोजल्या. रुंदी एक हात चार बोटे.
सोंड आत येते, कपाळ येत नाही.
फत्तूमिया हल्ली अंगाने भरला आहे,
सबब पुढील खेळी त्यास आत सोडू नये.'
शेजारी दुसरं अक्षर, जाड:
नामंजूर.

पान उलटलं की
दिलदार, रोट अठरा शेर, गूळ, तूप.
पागोटी लाल, नग नऊ.

पाडकाम झालं तेव्हा आई चौथीत होती.
विटा खटाऱ्यातून गेल्या,
अर्ध्या मोहल्ल्याच्या न्हाण्या त्याच विटांच्या,
आमचीही.
तिने मुकादमाला विचारलं, खिडक्या कुठे नेल्या?
तो म्हणाला, पोरी, खिडकी म्हणजे
विटा लावायच्या राहिलेली जागा. तिला काय नेणार?
हसला, विडी पेटवली.

आता पार्टी प्लॉट आहे. आज कुणाचं तरी लग्न,
कमानीवर थर्माकोलचे दोन हत्ती,
एकाचा सुळा वाऱ्याने मोडलेला.
मी टायरवाल्याला विचारते, आगड नेमका कुठे?
"आ ज ने," तो म्हणतो,
आणि पान्याने जमीन दाखवतो
जिथे मी उभी आहे.

मागून सिटी बस येते, हॉर्न देत, वऱ्हाडाला चिरत.
मी पटकन अंग आडवं करते,
खांदा पुढे, पोट आत,
एक हात, चार बोटे,
आणि पाठीने
भिंत चाचपते.