यवतेश्वरचा घाट

याच वळणावर, शहाऐंशी साली,
येझदी आडवी घालून मी गेलो पुढे
आणि बाबर खडीत.
अजून एक खडा आहे त्याच्या कोपरात,
लोकांना हात लावून बघायला देतो.

आज दोघंही सायकलवर.
त्याला स्टेंट, मला साखर.
समर्थ मंदिरापासून बोललो नाही,
दम पुरत नाही.
छातीतलं टायमिंग थोडं पुढं-मागं,
पण इंजिन बंद पडत नाही.

इथं करवंदाच्या जाळ्या होत्या
हे तेव्हा कुणाला दिसलं?

माथ्यावर बाबर नाडी मोजतो.
"एकशे अठरा," म्हणतो,
स्पीड सांगितल्यासारखा.

उतारावर मात्र
माझा डावा हात क्लच शोधतो,
वळणात गुडघा आपोआप बाहेर.

"हळू, म्हाताऱ्या!" ओरडत
बाबर आतल्या बाजूनं पुढे.