तास

पोळ्याच्या आदल्या दिवशी बॉयलर थंड होता.
खाली गावात बैलांचे खांदे शेकणं चाललेलं,
पळसाच्या पानानं, हळद-लोणी लावून;
आणि इकडे, जमिनीपासून बेचाळीस मीटर वर,
बळीराम कोवे वाफेच्या पाइपाचं वळण उघडं करत होता:
आधी पत्रा, मग लोकर, मग ती राखाडी कातडी
जिला चार वर्षांत माणसाचा हात लागला नव्हता.

"घ्या मॅडम. हाबी खांदाच व्हय."

एकशे वीस नंबरचा कागद, दोनशे वीस, चारशे, सहाशे,
मग हिऱ्याची पेस्ट. तोंड दिसेल इतकं चकाकल्यावर
आम्लाचा बोळा फिरवला, आणि ती चकाकी मळली.
वर ओली फिल्म चिकटवली. ती सुकेतो
आम्ही दोघं नदीकडे बघत बसलो.

दुपारी, स्टोअरच्या टिनाखाली, पाचशे पटीनं:

पोलादातही वावरं असतात. वावरांना धुरे असतात.
धुऱ्यावर क्रोमियमचे बारीक खडे,
कुणी पेरलेले नव्हेत, मूळच्या भट्टीतल्या शेकात
आपोआप बसलेले, थंडीत तुपात रवा धरतो तसे.
त्यांच्याहून बारीक, व्हॅनेडियमचे, वावरभर विखुरलेले म्हणे;
ते माझ्या भिंगाला दिसत नाहीत, पुस्तकावर विश्वास ठेवते.
हे खडे जागेवर आहेत तोवर धुरा सरकत नाही.
बळ म्हणतात ते एवढंच.
बाकी इतक्या आगीत लोखंड कुणाचंही मऊ.

खडे कमी झालेत.
बारीक खडा विरघळतो, त्याचं क्रोमियम
अणू अणू चालत जाऊन मोठ्याच्या अंगाला लागतं.
कुणी ढकलत नाही, कुणी बोलावत नाही.
पाचशे सत्तर अंशांत
लहान असणं महाग पडतं.

आणि काही गोळे, जे नव्या पाइपात नव्हतेच.
वावरात विरघळून, नाव न सांगता राबणारं मॉलिब्डेनम
त्यांनी उपसून स्वतःत भरलंय.
अशाच एका गोळ्याच्या पाठीशी काळा ठिपका:
मोहरीच्या हजाराव्या हिश्शाएवढं काहीच नसणं.

पुस्तकातला शब्द विसर्पण. मला त्यात साप दिसतो.
साप निदान कुठून कुठे गेला ते कळतं.
हे म्हणजे कुठंतरी पाणी मुरणं.

बळीरामला एक डोळा मिटता येईना. तळवा धरून पाहिलं.
"हा त् मोजणीचा नकाशा दिसते.
आमचा शेजारी झिबल, दरसाली वखरता वखरता
एक तास आमच्या धुऱ्यात घाले. एकच.
भांडण नाही, काही नाही.
तीस सालानं पाह्यलं त् आमची बोर त्याच्या वावरात उभी."

तास, म्हणाला तो. मी वहीकडे पाहिलं.
वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं:
एक लाख एकतीस हजार तास.

"मोठे झालेले खडे पुन्हा बारीक होतात का मंग?"
होतात. हजारावर तापवून, पुन्हा शेकून.
पण त्यासाठी पाइप उतरवावा लागतो,
आणि उतरवलाच, तर नवाच आणतात.
तो हसला नाही. मीही नीट सांगितलं नसेल.

अहवालात लिहिलं: पोकळ्या विरळ, सुट्या.
घेर दीड मिलिमीटरनं वाढलेला. दोन वर्षांनी पुन्हा पाहावे.
दोन वर्षं हा आकडा कुठून आला
हे कुणी विचारलं नाही, बरं झालं.

बळीरामनं लोकर गुंडाळली, तार आवळली,
पत्र्यावर थाप मारून हळूच म्हणाला,
"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."
मग मी ऐकलं की काय, ते मागं वळून पाहिलं.

परवा पहाटे वाफ सोडणार होते.
मी संध्याकाळच्या एसटीत. हातमोजा कुठे फाटला कोण जाणे,
बोटं पिवळीधम्मक, धुऊनही न जाणारी.
शेजारच्या बाई बराच वेळ हाताकडे पाहत होत्या.
"कितीक बैल हायेत जी तुमच्याकडे?"