हजारी

निपाणी स्टँडवर गाडीत चढते तेव्हा
मांडीवर बर्फाचा डबा असतो.
कंडक्टर विचारतो, "येनु, मीना?"
मासे नाहीत, रक्त, मी सांगते.
मग शेजारची सीट संकेश्वर, हत्तरगी, काकती
थेट बेळगावपर्यंत रिकामी.

डब्यात बारा नळ्या.
नाव लिहायचं नाही असा नियम आहे,
म्हणून शेवंता भोपळे नाही, एन-सतरा.
मी मात्र सतरा वाचलं की
दारातलं सूप दिसतं,
आणि सुपाच्या कडेला चिकटलेला तिचा खोकला.

संमतीपत्र कन्नडमध्ये होतं.
तिला मराठीत सांगितलं, जमेल तेवढं.
अंगठा तंबाखूने आधीच काळा,
तरी शाई लावली.
"कशाचं संशोधन गे?"

एक आम्ल आहे मावशी, इटाकोनिक नावाचं.
कारखान्यात ते बुरशीकडून करवून घेतात,
रंगात जातं, डिंकात जातं.
आणि कुणी न शिकवता
तुमच्या फुप्फुसातली पेशीही तेच करते.
जंतू गिळून बसलेली असते ती.
पचत नाही, ओकवत नाही.
मग चुलीवर चाललेल्या स्वयंपाकातलंच
थोडं बाजूला काढते, आंबवते,
आणि गिळलेल्याच्या पुढ्यात ठेवते.
तो आत चरबीवर जगतो ना,
या आंबटाने त्याची दातखीळ बसते.
म्हणजे बसावी.

शेवंताचे हात थांबले नव्हते.
पान, चिमूट, वळण, दोरा.
"म्हंजे माज्याच अंगात
कोण तरी कामाला बसलीय म्हण की.
हजारी किती देता तिला?"

प्रयोगशाळेत रात्री वीज जाते
आणि जनरेटर लागेपर्यंत
उणे ऐंशीच्या फ्रीझरसमोर आम्ही दोघी
श्वास धरून उभ्या राहतो,
जणू आतलं गारपण आमच्या श्वासानेच पळेल.
मी आणि डॉक्टर नेत्रावती हुक्केरी.
यंत्र एकेका नळीचं आम्ल मोजून
कागदावर टेकाड काढतं.
जिथे टेकाड उंच, तिथे जंतू कमी.
एक, दोन, तीन, सगळे शहाण्यासारखे रांगेत.
सतराचं टेकाड सगळ्यांत उंच.
जंतूही सगळ्यांत जास्त.

"काही जंतू हे आम्लच खायला शिकलेत,"
मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या,
"किंवा काहीतरी वेगळंच आहे. गोत्तिल्ला."
मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
"सतरा वगळून बघ."

वगळली.
रेषा सरळ झाली. इतकी सरळ
की मला बिडी कारखान्याचा चेकर आठवला,
मूठभर बिड्या उचलून
न बघता छाट म्हणून बाजूला टाकणारा.
छाटेचे पैसे मिळत नाहीत.
बिड्या परतही मिळत नाहीत.

वहीत एक रकाना असतो, वगळण्याचं कारण.
पेन टेकवलं, उचललं.
सकाळी मॅडमनी रकाना पाहिला,
कोरा.
काही न बोलता सतरा परत रांगेत बसवली.
रेषा वाकडी झाली आणि
आमचा लेख सहा महिने लांबला.

तोवर सरकारी गोळ्यांनी आपलं काम केलं.
पहिल्या आठवड्यात ती घाबरून धावत आली होती,
लघवी केशरी झाली म्हणून.
आता तीन किलो वजन वाढलंय,
थुंकीत काही सापडत नाही.
"मग तुमच्या त्या आंबटानं काय केलं?"

माहीत नाही, मावशी.
खरंच माहीत नाही. म्हणून तर परत आले,
अजून एक नळी हवी आहे.

ती हसली. तेवढ्यातही
डोळे सुपावरून हलले नाहीत.
"मी काय कुठं जातो? हितंच हाय की."
कोपरापर्यंत बाही सारली,
डावा हात पुढे केला.
"बिगी कर. दोनशे ऱ्हायल्यात."