शेरा : परत

अण्णा अंकलीच्या नाक्यावर जकात घ्यायचे.
म्हणजे ट्रक थांबायचा,
ताडपत्रीची एक कड वर जायची
आणि माल आधी वासानं कळायचा :
गूळ, तंबाखू, रबरी चपला.
एकदा नुसती कापराची खोकी,
तेव्हा अण्णा आठवडाभर
देवळासारखे घरी येत होते.

ड्रायव्हर आधी शिव्या द्यायचा, मग पैसे.
शिवी फुकट, पावती पिवळी.
किती गेले ते देणाऱ्याला माहीत,
किती आले ते घेणाऱ्याला.
मध्ये एक ट्यूबलाइट
आणि तिच्याभोवतीचे किडे.

नाका उठला. तिथं आता पंक्चर काढतात.
आडवा बांबू कुणी नेला ते कळलं नाही.

मी गणपती पेठेत
कुंतीनाथशेठच्या दुकानात बिलं करते.
वस्तूवर लाल उजेड धरायचा, पीक वाजतं,
कागद जीभ काढतो.
तळाशी दोन आकडे, जुळे भाऊ,
एक दिल्लीचा, एक मुंबईचा,
पैशापैशानं सारखे.
त्यांच्याकडं कुणी बघत नाही.
नऊ वर्षांत एकानंही शिवी दिलेली नाही.

अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले,
"मग तो कर न्हवं गं. तो चवीत गेला."

परवा फुलाबाई ऐवळे आली.
हळदीच्या गोडाऊनला निवडाईला असते,
तिची बोटं पिवळी, म्हणून नोटही पिवळी,
पाचशेची, चार घड्यांची.
बिल झालं पाचशे सत्तेचाळीस.

"काढ एक."

मागं रांग. कुणीतरी खोकलं.
ती काउंटरभर नजर फिरवत गेली,
तेलावर थांबली नाही, डाळीवर थांबली नाही,
चहापाशी जरा थांबली,
मग पोरीनं सांगितलेली शाम्पूची बाटली
स्वतःच उचलून माझ्याकडं सरकवली.
बासष्ट रुपये.

मी बटण दाबलं. पडद्यावर एक ओळ : रद्द.
बाटलीबरोबर दिल्ली निघाली, मुंबई निघाली,
दोन्ही सरकारं माझ्या एका बोटाखालून
मुकाट मागं सरकली,
ना हॉर्न, ना गिअरचा खडखडाट.
कुणी कुणाला अडवलं
ते रांगेतल्या कुणालाच दिसलं नाही.

"किती उरलं?"
"पंधरा."
"मग दोनवाल्या सात पुड्या दे."

जुळे भाऊ परत आले,
लहान होऊन, पुडीत बसून.
राहिलेला रुपया तिनं मागून घेतला.
मी चॉकलेट देणार होते.

रात्री अण्णांनी विचारलं, "आज काय परत गेलं?"
मला आधी कळेना.
त्यांच्या रजिस्टरात शेवटचा रकाना असायचा शेऱ्याचा.
जकात परवडली नाही म्हणून
ज्यानं वेशीवरनं गाडी वळवली
त्याच्यापुढं ते लिहायचे : परत.
साहेब विचारायचे, जे आलंच नाही ते कशाला लिहिता?
अण्णा म्हणायचे, वेशीपर्यंत आलं होतं की.

तेव्हापासून मीही लिहिते.
मशीनची शाई उन्हानं उडते, म्हणून पेनानं,
संपलेल्या रोलच्या पुठ्ठ्यावर गोल गोल :
काजू, पाव किलो. दोनदा.
एका मास्तरांचा दाढीचा फोम.
मोती साबण, दिवाळी झाल्यावर दुसऱ्या दिवशी.
तूप, तूप, तूप.
आणि एक रंगपेटी,
जिच्यावर एका पोराचा हात
रद्द झाल्यावरही बराच वेळ होता.

दिवाळीत हा पुठ्ठा कोरा राहतो.
शेठ म्हणतात, बाजार उठला.
अण्णा म्हणतात, थांब.

फुलाबाईची ओळ त्यांनी चष्मा लावून वाचली.
"बाटली परत लिहिलंस. पुड्या आत आल्या ते?"
"लिहिलं. खाली बघा."
"आणि रुपया?"
"तो तिच्याकडं."
अण्णांनी पुठ्ठा फिरवून परत पहिल्यापासून बेरीज केली,
ओठ हलवत,
मग म्हणाले, "जुळलं."