परस्पर

रात्री नऊला लेंगऱ्यातले फोन एकदम उघडतात.
गलाईवाले तेव्हाच भट्टी विझवतात,
सेलमला, कटकला.

दोनशे घरं, बाहेर पत्ता एक.
राउटरचा प्रोसेसर एकेक पाकीट हातात घेऊन
पत्ता खोडायचा, दुसरा लिहायचा, तापायचा.
अनुसाकाकींचा विलास तोंड उघडं टाकून थिजायचा.

काल सेटिंगात एक खूण केली.
आता पहिल्या पाकिटाचीच चौकशी,
मागची सगळी चिपमधून परस्पर.
काकी म्हणाल्या, "आज हालतंय की रं पोरगं."

मोजायला बसलो, तर आकडा हलेना:
परस्पर गेलेलं मोजणीत येत नाही.

पहिला गलाईवाला निघाला तेव्हा
वेशीपर्यंत गाव आलेलं म्हणे.
विलासला मीच सोडलं, विट्याच्या स्टँडवर.
एसटी लागलेली होती.
मी फटफटी बंदसुद्धा केली नाही.