सतरा का?

दोनशे बारा ओळी होत्या,
एवढ्यासाठीच, की कुणी फार वेळा दार वाजवलं
तर थोडा वेळ ऐकायचं नाही.

कायानीत जानेवारी. सकाळचे नऊ,
बाहेर अजून उजाडायचा विचार चाललेला.
हेल्मीनं लोकरी मोज्यांतले पाय खुर्चीवर घेतले
आणि ओइवाचा कोड उघडला.
डिस्ककडून घटना आली तर हा नियम.
नेटवर्ककडून आली तर तो.
आधी एकदा थोपवलेली असेल तर मुदत दुप्पट,
तिसऱ्यांदा असेल तर पुन्हा निम्मी
(का, ते लिहिलेलं नाही),
रविवार असेल तर, हो, खरंच, रविवार असेल तर,
आणि अठ्ठ्याऐंशीव्या ओळीवर
एकटाच बसलेला सतरा.

तिनं ओइवाला फोन लावला.
तो तळ्यावर होता, बर्फाला भोक पाडून बसलेला,
निवृत्तीचं तिसरं वर्ष.
"सतरा का?"
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
"तेव्हा सतरा डिस्क होत्या," तो म्हणाला.
"सोळा ठेवले की एक बाहेर राहायची."
मग म्हणाला, मासे आज शहाणे झालेत,
आणि फोन ठेवला.

मला वेगळी रात्र आठवते.
ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, घड्याळं तासभर मागे.
तीन वाजून एकोणसाठ, आणि पुन्हा तीन.
आमच्या प्रोग्रामला वाटलं, काळ उलटा फिरला,
मघाची घटना अजून घडायचीय.
त्यानं दार लावलं ते लावलंच,
तासभर कुणाचंच ऐकलं नाही.
ओइवानं आणि मी मिळून ठिगळ मारलं:
फरक ऋण आला तर शून्य धर,
आणि रविवारी पहाटे कुणाला अडवूच नको.
त्यातल्या तीन ओळी माझ्या.
रविवार माझा.

हेल्मी तेव्हा शाळेत होती.
तिनं भिंतीवरचं घड्याळच काढून टाकलं.
त्याच्या जागी यंत्राच्या पोटातलं दुसरं,
ज्याला किती वाजले ते ठाऊक नाही,
किती सरलं एवढंच ठाऊक.
ते मागे येत नाही. त्याला उन्हाळा-हिवाळा नाही.
रविवार गेला, ऋण गेलं,
दुप्पट-निम्मीचा सगळा रुसवा-फुगवा गेला.
उरलं ते पोस्टकार्डावर मावेल:
खिडकी कधी उघडली,
तेव्हापासून किती आले,
किती येऊ द्यायचे.
भरली की थांब.
मुदत सरली की पुन्हा पहिल्यापासून.

तपासायला माझ्याकडे आलं.
लाल दोनशे बारा, हिरव्या एकोणीस.
दोन दिवस मी शोधत बसलो,
खोटं कशाला बोलू, चूक नव्हे, आक्षेप.
लिहिलं, "दोन खिडक्यांच्या सांध्यावर दुप्पट घुसतील."
तिचं उत्तर, "घुसू देत की. दुप्पट सोसतं, मोजलंय."
आणि खाली तक्ता: अकरा यंत्रं, नऊ रात्री.
मी लिहिलं, "परत पाठवलेल्यांचं काय?"
इथे ती थांबली.
दुपारच्या कॉफीनंतर विसावी ओळ आली:
जितके परतवले तितके मोजून ठेव,
पुढची खिडकी उघडताना सांग.

फेब्रुवारीत चौथ्या रॅकमधली केबल सैल झाली.
डिस्क आहे, नाही, आहे, नाही,
सेकंदाला शंभरदा.
पूर्वी नोंदींच्या ढिगाखाली आम्हीच सापडलो असतो.
आता रात्रभर मिनिटाला एकच ओळ,
झोपमोड न करणारी:
पाच हजार नऊशे साठ थोपवल्या.
पाच हजार नऊशे साठ थोपवल्या.
सकाळी तुओमो खाली गेला,
अंगठ्यानं केबल आत दाबली.
टक्.

सतराच्या जागी आता चाळीस आहे.
शेजारी हेल्मीनं तारखेसकट लिहून ठेवलंय:
छत्तीस डिस्क, चार जागा रिकाम्या असू देत.
ओइवाला हे कळवायचं राहिलंय.
आणि रविवारच्या त्या तीन ओळी
मी एका कागदावर उतरवून घेतल्यात,
चालवायला नव्हे.